अकरा पावलं

सातापा म्हणाला, "सव्वीसशे? दोन रबरांना?"
आणि चकची चावी फिरवत हसला.
मी काही बोललो नाही.
मी टर्नर. दोन शतांश मिलिमीटर जास्त उतरलं
की माल परत येतो शिरोलीहून, त्याच टेम्पोत.
फरक म्हणजे काय
हे मला कुणी शिकवायला नको.

जुने टायर कडेनं भेगाळलेले, टाचेसारखे.
ट्यूबला सात ठिगळं, आठवं ठिगळावरच.
जमीर शिकलगार चाक मांडीवर घेऊन म्हणाला,
"ह्यो नवीन बघ. धागा बारीक, अंग मऊ.
खड्ड्यावर उडत न्हाई, खड्डा पितोय."

घरी मी दोन्ही ट्यूब तराजूत घातल्या.
जुनी दोनशे दहा ग्रॅम, नवी एकशे पाच.
शालन म्हणाली, "एवढंच?
तेवढी तर तुमच्या डब्यात चटणी असते."

मग रविवारी, टेंबलाईच्या उतारावर,
रहदारी नसताना, तिघं गेलो.
जमीर लिव्हर घेऊन आला, फुकट,
निव्वळ वादापायी.
सातापा खाली खडू घेऊन उभा.
पायडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही,
वरच्या पिवळ्या दगडापासनं नुसतं सोडून द्यायचं.
जुने टायर ट्रान्सफॉर्मरच्या पुढं जाऊन दमले.
नवे गेले अकरा पावलं पुढं,
थेट रसाच्या गाड्यापर्यंत.
तीनदा सोडली सायकल. तिन्ही वेळा अकरा.
म्हणजे एकदा साडेदहा,
पण तेव्हा म्हैस आडवी आली होती.

मी सातापाकडं बघितलं.
सातापानं खडू खिशात घातला.

तेवढ्यात जमीरला काय सुचलं कुणास ठाऊक.
"आता जुनेच चढवूया परत," म्हणाला,
"आन् हवा भरूया. माणसासारखी."
बारा वर्षं मी हवा अंगठ्यानं मोजत आलो.
हजारदा मायक्रोमीटर धरणारा हात,
घरच्या चाकाला मात्र अंगठा!
गेज लावला: अठ्ठावीस पौंड.
पाहिजे होते पंचावन्न.

पंचावन्नावर जुने टायर
त्यांच्याच खडूच्या रेघेपुढं सहा पावलं गेले.

हिशेब सातापानंच मांडला, मोठ्यानं,
रसवाल्यालाही ऐकू जाईल असा.
अकरातली सहा हवेची.
हवा पाच रुपयांत, दोन्ही चाकांची.
उरली पाच.
सव्वीसशेत पाच पावलं.
सोमवारी दुपारपर्यंत उद्यमनगरात
माझं नाव पाचपावले पडलं होतं.

पडू दे.
एक गोष्ट मी उतारावर मोजलीच नाही.
फुलेवाडीपासून रंकाळ्याच्या कडेनं
पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला तो सगळा रस्ता
रोज माझ्या मनगटात चढायचा,
आणि साडेआठपर्यंत बोटांत मुंग्या.
सकाळचा पहिला जॉब मापताना
मायक्रोमीटरची किटकिट मी कानानं ऐकायचो.
आता ती बोटाला कळते.
हे खडूनं कुठं लिहायचं?

आणि आमच्या गल्लीतलं तांबडं कुत्रं,
जे टायरच्या घरघरीवर मला ओळखायचं,
ते तीन दिवस माझ्यावर भुंकलं.
चौथ्या दिवशी पँट हुंगली, मग गप्प.
कुत्र्याला तरी फरक जाणवला,
असं मी सातापाला सांगितलं नाही.

जुनी ट्यूब शालननं कापून
गळक्या नळाला करकचून बांधली.
नळ थांबला.
"हे बघा," ती म्हणाली, "ह्याला म्हणतात फरक."

परवा सुटीचा भोंगा झाल्यावर
सातापा हात धूत धूत जवळ आला,
इकडं तिकडं बघून म्हणाला,
"पौंड किती म्हणालास, जुन्याला?"
मी म्हणालो, "पंचावन्न. मागं साठ चालतील,
तुझं वजन बघता."
त्यानं मान हलवली.
सव्वीसशेचं तो काही बोलला नाही,
मग मीही सहा पावलांचं काढलं नाही.